पा चमची

संक्रांतीचा दुसरा दिवस. इथं त्याला वासी उत्तरायण म्हणतात.
मांजलपूरच्या गच्च्यांवर माणसं मावत नव्हती,
प्रत्येक गच्चीचा स्पीकर वेगळा,
आणि खाली, दार लावून घेतलेल्या खोलीत
रुंजीचं नाक वाहत होतं.
दहा महिने. आठ किलो दोनशे.

दवाखाना बंद. बाटली मागच्या सर्दीची.
चिठ्ठी श्रीरंगच्या शर्टाबरोबर मशीनमध्ये धुऊन निघालेली,
लगदा नुसता.
मी कंपाउंडर कनुभाईंना फोन लावला.
तेही गच्चीवरच. तेवढ्यात कुणाचा तरी पतंग कापला गेला,
काइपो छे! म्हणत अख्खं पोळं उठलं,
आणि त्या पोळ्यातून कनुभाई म्हणाले,
पा चमची, बेन. बे वार.

परभणीहून येऊन मला दोन वर्षं झाली होती.
भाजी घेण्यापुरती गुजराती येत होती.
मला ऐकू आलं, पाच.
चमचीतला च उडी मारून पा-ला चिकटला,
उरलं ते ‘मची’ मी गोंगाटाच्या खात्यात टाकलं.
झाकणावर पाचची रेघ होतीच.

ती रेघ मी डोळ्यांच्या उंचीला धरली.
खिडकीपाशी गेले, उजेडात.
थेंबभर जास्त पडलं ते परत बाटलीत ओतलं.
इतकी काटेकोर मी शाळेच्या प्रयोगशाळेतही नव्हते.

तिनं तोंड वाकडं केलं, मग ओठ चाटले.
गुलाबी, गोड.
अर्ध्या तासात झोपली.
मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं.
मी केस धुतले, गच्चीवर जाऊन वाळवले,
कुणीतरी हातात फिरकी दिली, ती धरली थोडा वेळ.

चारला जिग्नाबेन उंधियूचा डबा घेऊन आल्या.
दवा आपी?
आपी.
केटली?
पाच.
त्यांनी डबा खाली ठेवला.
पा, त्या म्हणाल्या, पा, बेन,
आणि अंगठ्याच्या नखानं बोटाचं टोक मोजून दाखवलं,
चोथो भाग.
आमच्याकडे पाव म्हणतात त्याला.

रुंजीला हाक मारली. तिची मान
माझ्या खांद्यावरून ओल्या टॉवेलसारखी सरकली.

रिक्षावाला एका हातानं रस्त्यावरचा मांजा सारत होता.
रस्ता लांब नव्हता. मांजा फार होता.

निवासी डॉक्टर माझ्याहून लहान असावी.
कितना दिया?
हिंदीत सांगू, गुजरातीत सांगू,
तो आकडा कुठल्याच भाषेत लपेना.
तिनं तळहातावर पेनानं भागाकार मांडला,
बाटली मागून घेतली,
म्हणाली, रात भर देखेंगे. साँस पे ध्यान रखना.

यंत्र होतं मोजायला. तरी मी मोजत राहिले.
एक, दोन, तीन, चार,
आणि दरवेळी तिथं अडखळायचे,
पुन्हा एकपासून.

श्रीरंग नंदेसरीहून थेट आला, हेल्मेट हातात घेऊन.
त्याच्या लॅबमधला तराजू काचेच्या पेटीत असतो,
माणसाच्या श्वासानंही आकडा हलतो म्हणून.
चौथ्या दशांशापर्यंत मोजतो तो.
बोलला काहीच नाही.
माझ्या केसांत अडकलेला मांजाचा तुकडा
सावकाश सोडवत बसला.

पहाटे तिनं लाथ मारली, सलाईनच्या पट्टीला.
मग भूक लागल्यासारखी रडली,
आणि पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, हाश.

आता फ्रिजवर सुईविना सिरिंज असते, रेघांची.
बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर माझं अक्षर.
कनुभाई काउंटरवर मला प्रत्येक शब्द दोनदा म्हणायला लावतात,
मागं रांग खोळंबली तरी.
त्यांनाही झोप लागली नव्हती, जिग्नाबेन सांगत होत्या.

रुंजी बोलायला लागली आहे.
काल स्वयंपाकघरात ओट्याकडे हात करून म्हणाली, पा.
ओट्यावर पाणी होतं, पापड होता,
पाव होता कालचा,
वर कपाटात बाटली होती.

मी गॅस बंद केला, खाली बसले तिच्यासमोर.
पुढचं, म्हटलं, रुंजे,
पुढचं सांग.